बाथरूम नव्यानं करताय? टाइलच्या मागचं आधी ठरवा

बाथरूमचं काम काढायचं ठरलं की घरात आधी रंगांवर बोलणं सुरू होतं. आमच्याकडेही तेच झालं. राखाडी की पांढरं, यावर पंधरा दिवस घालवले आणि वॉटरप्रूफिंगच्या चाचणीसाठी दोन दिवस मात्र थांबलो नाही. वर्षभरात खालच्या घराच्या छताला ओल आली आणि हौसेनं निवडलेली ती राखाडी फरशीच फोडावी लागली. तेव्हापासून प्रत्येक पर्याय मी एका प्रश्नावर तोलतो: पुढे हे बिघडलं, तर टाइल न फोडता तिथवर हात पोहोचेल का? जिथे पोहोचणार नाही, तिथे काटकसर नको. आरसा, दिवे, कपाट यांत हौस मनसोक्त करा. ती केव्हाही बदलता येतात.

जुनं फोडायचं की टाइलवर टाइल?

टाइलवर टाइल लावली की धूळ, आवाज, राडारोडा वाचतो आणि काम लवकर उरकतं. जुन्या टाइल्स घट्ट असतील, ठोकून पाहिल्यावर कुठेही पोकळ वाजत नसतील आणि खाली किंवा शेजारच्या भिंतीला ओलीचा मागमूस नसेल, तर हा मार्ग चुकीचा नाही. मात्र टाइल आणि चिकटवायचा थर मिळून फरशी साधारण 12 ते 15 मिलिमीटर वर येते. दाराचं खालचं टोक घासेल का, बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम खालीच राहील का, पाणी जायची जाळी नव्या पातळीला आणता येईल का, हे पट्टी लावून पाहा. चकचकीत जुन्या टाइलवर साधं सिमेंट धरत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचं टाइल अॅडेसिव्हच लागतं.

आणि खरी अडचण अशी की टाइलवर टाइल लावल्यानं जुनं वॉटरप्रूफिंग नवं होत नाही. गळती असेल, पाइप गंजलेले असतील किंवा कमोड-शॉवरची जागा बदलायची असेल, तर फोडण्याला पर्याय नाही. काम जुनं असेल तर मी फोडण्याच्याच बाजूचा आहे.

फोडलंत, तर वॉटरप्रूफिंग फक्त जमिनीवर करून थांबू नका. भिंत आणि जमीन मिळतात तो कोपरा आणि पाइप जमिनीतून वर येतात ती जागा, गळती बहुधा इथूनच सुरू होते. कोपऱ्यांना गोलाई आणि जाळीदार कापडाची पट्टी, शॉवरच्या भिंतीवर पूर्ण उंचीपर्यंत थर आणि इतर भिंतींवर निदान फूटभर, एवढं करून घ्या. सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळलेला दोन घटकांचा लेप लावायला सोपा असतो आणि त्यावर टाइल चांगली धरते. पॉलियुरेथेनचा थर जास्त लवचीक, बारीक तडे सहन करणारा. पण तो लावताना पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा, आणि टाइल धरावी म्हणून वर बारीक वाळू भुरभुरावी लागते. कुठलाही निवडा, पण सुकल्यावर जाळी बंद करून पाणी भरा आणि निदान 24 तास, शक्य असल्यास 48 तास तसंच ठेवा. पातळीची खूण भिंतीवर करा. मिस्त्री घाई करतील. त्यांना ‘थांबा’ म्हणायची हीच वेळ आहे.

मोठी टाइल की लहान?

भिंतीवर मोठी टाइल सुंदरच दिसते. सांधे कमी, पुसायला सोपी. जमिनीवर मात्र गणित बदलतं. पाणी वाहून जायला मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर ढाळ लागतो. मधल्या चौकोनी जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ द्यायचा, तर 60 सेंटिमीटरची टाइल तिरकी कापावी लागते, नाहीतर कडा वर-खाली राहतात. 30 सेंटिमीटरची किंवा त्याहून लहान टाइल तो ढाळ सहज घेते, शिवाय जास्त सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. मोठीच टाइल हवी असेल तर चौकोनी जाळीऐवजी भिंतीलगत लांबट जाळी घ्या. मग ढाळ एकाच दिशेनं देता येतो. टाइल आणि जाळी एकत्रच निवडायची, ती अशी.

साध्या सिरॅमिक भिंतीच्या टाइल जमिनीवर लावू नका; त्या बऱ्याच पाणी शोषतात. पोर्सलीन किंवा व्हिट्रिफाइड टाइलचं शोषण अर्ध्या टक्क्याहून जास्त नसतं. पॉलिश केलेली टाइल दुकानातल्या दिव्याखाली लोभवते, पण साबणाच्या पाण्यात तिचा भरवसा नाही. नमुना घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता, अनवाणी पाय घासून पाहा.

सांध्यांत भरायचं ग्राउट सिमेंटचं की इपॉक्सीचं, म्हणजे रेझिनचं? शॉवरच्या भागात नि:संशय इपॉक्सी. ते पाणी शोषत नाही आणि काळं पडत नाही. भरताना मात्र कसबी हात लागतो, कारण टाइलवर राहिलेला चिकट थर वेळेत पुसला नाही तर नंतर निघता निघत नाही.

भिंतीवरचा कमोड की जमिनीवरचा?

सर्वात जास्त घोळ मी इथे पाहिला आहे. भिंतीवरचा कमोड दिसायला हलका, खालची फरशी एका हातात पुसून होते, बसण्याची उंची घरच्यांना पाहून ठरवता येते. तो वजनानं तुटेल ही भीती अनाठायी आहे: युरोपीय मानकानुसार अशा कमोडची चाचणी सुमारे 400 किलो भाराखाली होते. अट इतकीच की भार लोखंडी फ्रेमनं पेलायचा, टाइलनं नाही. भिंत पातळ असेल तर जमिनीवरही घट्ट बसणारी फ्रेम घ्या.

टाकी भिंतीत लपते, म्हणून लोक घाबरतात. तिचे आतले भाग फ्लशच्या पट्टीमागून हातानं काढता येतात. पण सुटे भाग काही वर्षांनी मिळतील का, हे घेण्याआधी विचाराच. फ्रेमसाठी साधारण 12 ते 20 सेंटिमीटर खोली जाते. फ्रेम झाकणारी भिंत अर्ध्याच उंचीची ठेवली तर वर छान फळी मिळते.

जमिनीवरचा कमोड बसवायला सोपा, दुरुस्तीला सोपा. पण तो घेण्याआधी मलवाहिनीचं तोंड भिंतीत आहे की जमिनीत, ते पाहा. जमिनीत असेल तर तयार भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंतचं माप घ्या. हे माप न घेता आणलेला कमोड भिंतीला टेकत नाही किंवा बसतच नाही. छोट्या बाथरूमसाठी माझा कौल भिंतीवरच्या कमोडला. भाड्यानं द्यायच्या घरासाठी जमिनीवरच्या.

लपलेला डायव्हर्टर की उघडा?

डायव्हर्टर म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे, ते वळवणारी कळ. भिंतीत लपलेला देखणा दिसतो, पण त्याचा मुख्य भाग किती खोल बसवायचा हे टाइलची जाडी धरून आधीच ठरतं. चुकला तर वरची झाकणपट्टी भिंतीला टेकत नाही. उघडा, म्हणजे भिंतीबाहेर बसणारा, तासाभरात बदलता येतो. मोठा छताचा शॉवर घेण्याआधी दाब मोजा: पाण्याची टाकी 10 मीटर उंच असेल तेव्हा कुठे साधारण 1 बार दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो जेमतेम 0.2 ते 0.3 बार असतो. तिथे मोठा शॉवर नुसता ठिबकतो, पंप लावावाच लागतो. हातात धरायचा शॉवर मात्र, डायव्हर्टर कुठलाही घ्या, असू द्या. मुलं, वयस्क आणि भिंती धुणं, तिन्हींना तोच उपयोगी.

गीझरचं गणितही शॉवरशी जोडलेलं आहे. पाणी 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायचं, तर 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला साधारण दोन लिटरच सतत देऊ शकतो. शॉवरला निदान सहा लागतात. म्हणून इन्स्टंट बेसिनपुरता ठीक. साठवणीच्या 15 लिटर गीझरमधलं 60 अंशांचं पाणी तेवढ्याच गार पाण्यात मिसळलं की 30 लिटर, म्हणजे पाच मिनिटांचा शॉवर.

काचेचं पार्टिशन की पडदा? पाणी क्षारयुक्त असेल तर काच रोज पुसावी लागेल, हे मान्य असेल तरच टफन्ड काच घ्या. बेसिनमध्ये वर ठेवायची वाटी घेतलीत, तर ओटा वाटीच्या उंचीएवढा खाली घ्या. कड जमिनीपासून 80 ते 85 सेंटिमीटरवर यायला हवी.

एक्झॉस्ट फॅन बसवाल, पण दाराखाली एक-दोन सेंटिमीटर फट ठेवायला विसरू नका. आत हवा आली नाही तर पंखा नुसता फिरतो. आरशाचा दिवा डोक्यावर न घेता दोन्ही बाजूंना घ्या, म्हणजे चेहऱ्यावर सावली पडत नाही.

टाइल लागायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून पाइप आणि वायरींचे फोटो काढून ठेवा. पुढे हुक लावायला ड्रिल मारताना ते शोधाल. त्याच दिवशी टाइलची एक पेटी, शेड क्रमांकासकट, माळ्यावर ठेवून द्या.