सोलापूरच्या पूर्व भागातलं झेरॉक्सचं दुकान : मतदार नोंदणीसाठी साडेतीन स्टार

दुकानाचं नाव देत नाही, पुढं तक्रारीही आहेत. अशोक चौकाच्या मागं, बोळात आहे. दारावर पाटी : ‘फॉर्म फुकट. मेहनत चाळीस रुपये.’ ही पाटी बघूनच मी आत शिरले होते. त्याआधीच्या दुकानात ‘सरकारी फी’ म्हणून दोनशे घेत होते, अन् मतदार नोंदणीला फी नसते हे कार्यकर्ती असून मलाच तिथं भांडून सांगावं लागलं.

पक्ष कुठला ते सोडा. पावसाळ्यापासून आमच्या वॉर्डात नावनोंदणी बघते. विडीवाल्या बायका, त्यांच्या सुना, टॉवेल कारखान्यातली पोरं. साठ-सत्तर जणांना तरी या दुकानाच्या अण्णांकडं धाडलं असेल.

अण्णांचं खरं काम एका प्रश्नात आहे. कीबोर्डला हात लावायच्या आधी विचारतात, “आधी कुठं नाव हाय का?” सोलापुरात याला किंमत आहे. आमच्याकडं सुना तेलंगणातून येतात, गुलबर्ग्याहून येतात आणि माहेरच्या यादीत नाव तसंच राहतं. दोनशेवाल्यानं अशा चौघींचे सरळ फॉर्म ६ भरले होते. फॉर्म ६ पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. त्यात ‘माझं नाव दुसरीकडं नाही’ असं लिहून द्यावं लागतं आणि ते जाणूनबुजून खोटं दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौघींनी न वाचताच सह्या केल्या होत्या. मीही वाचलं नव्हतं, उगाच कशाला लपवू. पत्ता बदलला तर फॉर्म ८, दुसऱ्या राज्यातून आलात तरी. हे मला अण्णांनी शिकवलं, पक्षाच्या शिबिरात नाही.

पोरांचं गणितही त्यांना पाठ. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबरही धरतात आणि सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. शेजारची पोर ऑगस्टमधली. “तुझा नंबर ऑक्टोबरात,” म्हणाले, आणि त्याच दिवशी अर्ज टाकला.

इंग्रजीत नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं, आणि तेलुगू आडनावाचं पार भजं होतं. कोंडाचं कोंदा. अण्णा स्क्रीन गिऱ्हाइकाकडं फिरवतात. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवतात, मग पुढं जातात.

आता तक्रारी. फोटोसाठी पांढरा पडदा म्हणून दोन टेरी टॉवेल जोडून टांगलेत. एका आक्कांच्या फोटोत डोक्यामागं शिवण आली, शिंगासारखी. पुन्हा काढून दिला, पण आक्कांची दुपार गेली आणि तेवढ्या विड्या बुडाल्या. दुसरं, ओटीपी. मोबाईल नवऱ्याकडं, नवरा एमआयडीसीत मशीनवर. अण्णा फोन लावून तेलुगूत “नंबर चेप्पंडी, नंबर चेप्पंडी” (नंबर सांगा) ओरडतात, तोवर मुदत संपते. मागं रांग तशीच, आणि बसायला खुर्ची एकच.

सगळ्यात राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बिघडलेल्या आधारच्या झेरॉक्स टोपलीत तशाच पडायच्या, आणि बाजूचा शेंगावाला त्या पुड्या बांधायला न्यायचा. लोकांचे नंबर, पत्ते, फोटो, सगळं शेंगांसोबत घरोघर! मी बोलले तेव्हा अण्णा हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरातल्या कागदाची पुडी नेऊन समोर ठेवली. आता फाडून टाकतात. दीड स्टार मात्र मी त्याचाच कापलाय.

दोन ते चार शटर खाली असतं. सुनेला नेणार असाल तर माहेरच्या मतदार कार्डाचा फोटो आदल्या दिवशीच मागवून ठेवा, आणि ओटीपीचा मोबाईल नवऱ्याकडून काढून घ्या.