नालट्रेक्झोन ५० मिलिग्रॅम: घरी वापरलेल्या गोळीविषयी

धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नालट्रेक्झोन सुरू केले आणि तेव्हापासून लाल रेघेची ती पट्टी आईच्या कुलपाच्या डब्यात असते. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न कळत दारू सोडवा’ असे वाचत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना अशा गोळीकडून उलटीची अपेक्षा असते. ती येथे पूर्ण होत नाही. दारू घेताच त्रास होतो तो डायसल्फिराम या दुसऱ्या औषधाने. नालट्रेक्झोन मेंदूतील ओपिऑइड रिसेप्टर (हेरॉइन, मॉर्फिनसारखे पदार्थ जिथे जाऊन चिकटतात त्या जागा) अडवून ठेवते, त्यामुळे प्यायल्यावर पूर्वीसारखी मजा येत नाही आणि पुढच्या पेगची ओढ कमी होते.

अमेरिकेत हे औषध १९८४ मध्ये हेरॉइनसारख्या व्यसनांसाठी मंजूर झाले. दारूसाठी १९९४ उजाडले. पण या मंजुऱ्यांच्या आधीच, १९८० मध्ये, नळीवाटे स्वतःच दारू टोचून घेणाऱ्या ऱ्हीसस माकडांना ते दिल्यावर त्यांचे घेणे घटल्याचे दिसले होते. हेरॉइनसाठी कळ दाबणाऱ्या उंदरांनी तर आणखी एक गोष्ट दाखवली: नालट्रेक्झोनची मात्रा थोडी असेल तर ते उणीव भरून काढण्यासाठी उलट जास्त वेळा कळ दाबतात आणि मात्रा पुरेशी झाली की दाबणे हळूहळू सोडून देतात. परंतु पिंजऱ्यात औषध टोचणारा संशोधक असतो. घरात गोळी घ्यायची की नाही हे ठरवतो तोच, ज्याला संध्याकाळी प्यायची असते. या उत्पादनाची खरी कमजोरी हीच आहे. म्हणून आई न्याहारीनंतर गोळी त्याच्या हातावर ठेवते आणि पाणी पिऊन झाल्यावर त्याला काहीतरी बोलायला लावते. आई लातूरला मामांकडे गेली की गोळ्या चुकतात आणि दारू परत येते.

आमच्या भागात ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपाम या झोपेच्या गोळीच्या नशेवर ही गोळी चालत नाही, कारण त्या नशेचा रस्ताच वेगळा आहे. कोडीनच्या खोकल्याच्या सिरपची किंवा ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची सवय असणाऱ्यावर ती चालते, पण ते पदार्थ सात ते दहा दिवस पूर्ण बंद असल्याशिवाय दिल्यास काही वेळातच भयंकर विथड्रॉवल (नशा अचानक तुटल्याचा त्रास) सुरू होतो; चहात लपवून देण्याची कल्पना म्हणूनच घातक आहे. गोळ्या सोडल्यावर सिरप किंवा हेरॉइनच्या जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो, कारण शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते.

सुरुवातीला डॉक्टरांनी अर्धीच गोळी दिली, तरी मळमळ झालीच. पुढे ती ओसरली. यकृताची तपासणी आधी करून घ्यावी. तालुक्याच्या मेडिकलवर माल मागवावा लागतो, त्यामुळे पट्टी संपण्याआधीच सांगून ठेवलेले बरे. भावाच्या पाकिटात डॉक्टरांची चिठ्ठीही असते: अपघात झाला तर मॉर्फिन जातीची वेदनाशामके त्याला नेहमीसारखी लागू पडणार नाहीत, हे कॅज्युअल्टीत आधी कळायला हवे.