आईच्या बटणांच्या फोनचे आठ महिने

शिमग्याला संगमेश्वरजवळच्या आमच्या घरी गेलो, तेव्हा आईसाठी बटणांचा फोन घेऊन गेलो होतो. आता दिवाळी झाली. असा फोन खोक्यातून काढून तसाच हातात दिला, तर वयस्कर माणसाला तो निम्माही वापरता येत नाही. त्याच्यासोबत एक अख्खी संध्याकाळ बसावं लागतं.

आधी खरेदीबद्दल. आमच्या वाडीत जिओचीच रेंज येते आणि जिओला टू-जी नाही. त्यामुळे जुना टू-जी फोन कितीही दणकट असला तरी उपयोगाचा नव्हता. खोक्यावर फोर-जी व्होल्टी (म्हणजे फोर-जीवरूनच कॉल लागण्याची सोय) लिहिलंय ना, एवढं पाहून घ्या.

नंबर भरताना पहिली चूक केली. नावं मराठीत लिहून सिमवर साठवली. सिमवर नावाला जागा मुळातच कमी, त्यात देवनागरी अक्षर जास्त जागा खातं, त्यामुळे नावं अर्ध्यात तुटली. सगळी पुसून पुन्हा फोनच्या मेमरीत भरली. या वेळी कागदोपत्री नावं टाकली नाहीत, आई ज्या नावाने हाक मारते तीच टाकली. 'बाळू', 'ताई', 'खालच्या घरची काकू'. फोन आला की नाव मोठ्याने बोलण्याची सोय चालू केली. चूल फुंकत असली तरी कोणाचा फोन आहे ते तिला कळतं.

सगळ्यात जास्त विचार स्पीड डायलवर केला, म्हणजे एकच बटण दाबून धरलं की ठरलेला नंबर लागतो त्या सोयीवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी आईला बारीक आकडे दिसत नाहीत. पण ५ च्या बटणावर एक उंचवटा असतो, तो अंगठ्याला बरोबर लागतो. वाटलं, माझा नंबर तिथेच ठेवावा. तो बसेना. २०१६ च्या नियमानुसार साध्या फोनात ५ किंवा ९ चं बटण मदतीच्या कॉलसाठी राखून ठेवावं लागतं. या फोनात ते ५ होतं, दाबून धरलं की ११२ लागतो. मग त्या उंचवट्याभोवतीच माणसं बसवली. वर २ वर मी, खाली ८ वर ताई, डावीकडे ४ वर काकू, उजवीकडे ६ वर डॉक्टर. आईला आकडे सांगितलेच नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे मधे तुळस, नि भोवती तुम्ही." आठ महिन्यांत तिचा एकही फोन चुकीच्या माणसाला लागलेला नाही.

जुलैत एकदा मात्र तुळशीवरच अंगठा दाबला गेला आणि ११२ लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारपूस केली, आई घाबरली नाही. त्यानंतर मी कीपॅड आपोआप लॉक होईल असं करून ठेवलं.

पावसात लाइट जाते तेव्हा बॅटरीची खरी परीक्षा होते. दोन-तीन फोन दिवसाला धरले तर चार दिवस निघतात. टॉर्च रोज लावली तर तीन. पण एकदा भिजल्यामुळे बॅटरी काढून पुन्हा घातली, तर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं आणि रक्तदाबाच्या गोळीचा गजर रात्री वाजला. दोन दिवस गोळी चुकली याचं मला फार वाईट वाटलं. वेळ नेटवर्कवरून घेण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करा.

दुसरा त्रास मेसेजचा. इनबॉक्स जाहिरातींनी भरला आणि सिलिंडरचा कोड आलाच नाही, गाडी तशीच परत गेली. आता १९०९ वर जाहिराती बंद केल्यात आणि दर फेरीला मीच जुने मेसेज पुसतो. अनोळखी नंबर अडवण्याची सोय आहे, पण ती लावली नाही, सिलिंडरवाल्याचा फोनही त्यात अडकला असता.

रिचार्जला डेटाचे पैसे का भरायचे? फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. ते मागून घ्या.

फोनच्या मराठी मेनूतले काही शब्द मलाच समजले नाहीत, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबर दोन महिन्यांत निघालं. कानाशी आवाजही जरा कमीच वाटतो, म्हणून आई स्पीकरवरच बोलते.

आता ताईची मुलगी पुण्यात होस्टेलवर राहायला गेलीय. तिचा नंबरही हवाय, असा आईचा हट्ट आहे. ३ मोकळं आहे, पण कोपऱ्यातलं बटण तिच्या अंगठ्याला सापडत नाही. त्यावर नेलपॉलिशचा एक जाड ठिपका देऊन पाहणार आहे.