पुढे घेतलेली सीट आणि स्प्लिट नोज सॅडल: अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

साधी ॲल्युमिनियमची रोड बाइक, तिच्यावर क्लिप-ऑन एरोबार (कोपरं टेकवून पुढे वाकून चालवायचे दांडे), पुढे वाकलेली सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि स्प्लिट नोज सॅडल, म्हणजे टोकाशी दुभंगलेली सीट. गेला सीझन मी याच सेटअपवर काढला. पावसाळ्यात घरी ट्रेनरवर (बाइक जागेवरच चालवायचा स्टँड), नंतर कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावरच्या लांब राइड, वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ आणि शेवटी गोव्याची 70.3, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी अर्ध्या आयर्नमॅन अंतराची ट्रायथलॉन. माझं मत आता पक्कं आहे: एरोबारवर तासन्‌तास टिकायचं असेल तर पैसे आणि वेळ आधी सीटच्या अँगलवर घालवा. महागडी चाकं आणि एरो हेल्मेट नंतर बघता येतं.

रोड बाइकची सीट ट्यूब (सीटखालची फ्रेमची नळी) साधारण 72 ते 74 अंशांची असते. ट्रायथलॉन बाइकवर बसण्याच्या जागेचा कोन 78-80 अंशांच्या घरात जातो. हूडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर) हात असताना पाठ बरीच उभी असते, त्यामुळे 73 अंश छान चालतात. कोपरं एरोबारच्या पॅडवर टेकवली की धड खाली जातं, पाय मात्र आहेत तिथेच राहतात. पेडल वर आलं की मांडी पोटाला भिडते. त्या रस्त्यावर कळे गावाच्या पुढे समोरून वारा लागला की मला हे नेमकं जाणवायचं: पोटातून श्वास घेता येत नाही, कंबर गोल होते आणि थोड्या वेळात हात आपसूक हूडवर येतात. म्हणजे जिथे एरोबारची खरी गरज, तिथेच ते सुटतात.

यावरचा उपाय म्हणजे बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्या आसाभोवती फिरतात तो) मध्य धरून अख्खं शरीर पुढे फिरवायचं. पाठ आडवी होते, पण धड आणि मांडीमधला कोन पूर्वीइतकाच मोकळा राहतो. 1989 च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने वेळेविरुद्धची शर्यत) अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडने एरोबार लावून 50 सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि 8 सेकंदांनी टूर जिंकली, तेव्हा एरोबार जगाला माहीत झाले. पण शरीराला ते मानवायचे तर सीट पुढे यायला हवी, हे ओळखून त्याच सुमारास अमेरिकेत डॅन एम्पफील्ड यांनी क्विंटाना रू या नावाने खास ट्रायथलॉनसाठी उभ्या सीट ट्यूबच्या बाइक बनवल्या. रोड रेसिंगमध्ये यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) सॅडलचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या 5 सेंमी मागे ठेवायला लावलं. नॉन-ड्राफ्ट (दुसऱ्याच्या मागे आडोशाने चालवायला मनाई असलेल्या) ट्रायथलॉनवाल्यांवर ते बंधन नव्हतं, म्हणून हा विचार आपल्याच खेळात वाढला.

आता प्रत्यक्ष मापं. माझी सॅडलची उंची बॉटम ब्रॅकेटपासून 74 सेंमी. या उंचीला 1 अंश म्हणजे साधारण 1.3 सेंमी. 73 वरून 78 अंशांवर जायचं तर बसण्याची जागा 6 सेंमीपेक्षा थोडी जास्त पुढे येते आणि, हे बरेच जण विसरतात, दीडेक सेंमी वरही जाते. नुसती रेल्सवर (सॅडलखालच्या दांड्यांवर) पुढे ढकलली तर सॅडल पेडलच्या जवळ येते, गुडघा जास्त वाकतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. मग दोष फॉरवर्ड पोझिशनला दिला जातो.

मोजायला मी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. बाइक ट्रेनरवर, स्पिरिट लेव्हलने सपाट, ओळंबा सॅडलच्या टोकावरून सोडलेला आणि जमिनीवर चिकटपट्टीवर पेनाची खूण. जुन्या सॅडलचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या 6 सेंमी मागे होतं, नव्या सॅडलचं 4 सेंमी मागे. फरक दिसतो फक्त 2 सेंमीचा. पण स्प्लिट नोज सॅडलला पुढचं निमुळतं नाकच नसतं, तिच्या टोकाशीच बसायचं असतं. त्यामुळे बसण्याची जागा खरं तर 6 सेंमी पुढे गेली आहे. दुसऱ्याची टोकाची मापं आपल्या बाइकवर उतरवू नका, सॅडलचा आकार वेगळा असला की ती निरर्थक ठरतात.

सीट पुढे आली की पॅडही पुढे न्यावे लागतात. नाहीतर कोपरं खांद्यांच्या मागे जातात आणि सगळा भार दंडांवर येतो. मी पॅड टप्प्याटप्प्याने पुढे नेले आणि थोडे खाली घेतले. मानेचा ताण त्यानंतरच गेला.

सॅडलबद्दल. ओटीपोट पुढे कललं की साध्या सॅडलचं नाक नाजूक भागावर दाबतं, बधिरपणा येतो. तो सहन करायचा नसतो, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबत असतात. स्प्लिट नोजवर भार दोन बाजूंच्या हाडांवर जातो, माझा बधिरपणा पूर्ण थांबला. सुरुवातीचे काही आठवडे मांडीच्या आतल्या बाजूला घासलं, हे खरं. टोक किंचित, दोनेक अंश, खाली केल्यावर ते कमी झालं. त्याहून जास्त खाली केलं की माणूस घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो.

धावण्यात फरक पडला का? 2000 साली गार्साइड आणि डोरन यांनी 73 आणि 81 अंशांची तुलना केली होती, त्यात उभ्या कोनानंतरचं 10 किमी धावणं वेगवान निघालं. खेळाडू मोजकेच होते, त्यामुळे मी त्यावर फार इमले बांधत नाही. माझ्यापुरतं सांगतो: मिरामारला 90 किमीनंतर बाइक ठेवून निघालो तेव्हा कंबर सरळ होती आणि पहिल्या किलोमीटरपासून पावलं नीट पडत होती. पूर्वीच्या ब्रिक सेशनमध्ये (सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव) हे होत नसे.

तोटा उतारावर आहे, आणि तो गंभीर आहे. रोड बाइकची फ्रेम या पोझिशनसाठी बनलेली नसते. भार पुढच्या चाकावर जातो आणि हँडल चंचल होतं. पन्हाळ्याहून उतरताना मी एरोबार सोडतो, हात ब्रेकवर ठेवतो आणि सॅडलवर मागे सरकतो. मोकळ्या सपाट रस्त्याशिवाय एरोबारवर राहू नका, आणि ग्रुप राइडमध्ये तर अजिबात नाही. ज्यांची राइड बहुतेक घाटातच होते, त्यांनी 75-76 अंशांवर थांबावं.

आता क्रँक (पेडलचा दांडा) 172.5 वरून 165 मिमीचा मागवलाय. पेडल खाली 7.5 मिमी कमी जाईल, तेवढी सॅडल वर घ्यायची, म्हणजे पेडल वर असताना मांडी आणि पोट यांच्यात 15 मिमी जागा वाढते. ती जागा वापरून पॅड अजून खाली नेता येतात का, हे बघून इथेच खाली जोडेन.