सायबर सुरक्षा शिकवायला आलेल्यांनीच लावला १,०३,४४० रुपयांचा चुना

माझा मुलगा सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मी एका चादर कारखान्यात दिवाणजी आहे, म्हणजे माझे अर्धे आयुष्य दुसऱ्यांची बिले तपासण्यात गेले आहे. हे आधीच सांगतो, कारण ‘शिकलेली माणसे कशी फसतात’ हा प्रश्न मी नातेवाइकांपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सर्वांकडून ऐकला असून आता तो ऐकण्याची ताकद उरलेली नाही.

ऑक्टोबर हा सायबर सुरक्षा जागरूकतेचा महिना म्हणून पाळला जातो. त्याचे निमित्त करून एका प्रशिक्षण संस्थेचे लोक महाविद्यालयात व्याख्यान द्यायला आले. व्याख्यान चांगले होते, असे मुलगा आजही म्हणतो. फिशिंग म्हणजे काय, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे येत नाहीत तर जातात, पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे सगळे त्यांनी नीट समजावले आणि शेवटी अर्ज वाटले: सहा महिन्यांचा एथिकल हॅकिंगचा, म्हणजे परवानगीने यंत्रणेतल्या त्रुटी शोधण्याचा, अभ्यासक्रम, पुण्यात हमखास नोकरी, वार्षिक साडेसहा लाखांचे पॅकेज. सोलापुरातल्या मुलाला पदवीनंतर हिंजवडीची वाट धरावी लागते, हे ठाऊक असलेल्या बापाला ‘हमखास’ हा शब्द किती गोड लागतो, ते मी वेगळे सांगायला नको.

जागा राखून ठेवण्यासाठी २,५०० रुपये आणि सीईएच या एथिकल हॅकिंगच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या व्हाउचरसाठी १४,८०० रुपये आम्ही यूपीआयने दिले. अभ्यासक्रमाचे शुल्क ७२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ८४,९६० रुपये मात्र ‘बिनव्याजी हप्त्यांत’ भरायचे होते, दरमहा ४,७२० प्रमाणे १८ महिने. शिवाय प्रक्रिया शुल्क १,१८० रुपये. हप्ते संस्थेला जातील, अशीच आमची समजूत होती आणि तसेच आम्हाला सांगण्यात आले होते.

ज्या क्षणी सारे थांबवता आले असते, तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. महिनाअखेरीच्या हिशेबात बसलो असताना एका मुलीचा फोन आला. अतिशय आदबीने ‘काका’ म्हणत तिने सांगितले की हप्त्यांची सोय करायची आहे, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर एक क्रमांक येईल, तेवढा सांगा. क्रमांक आला, मी सांगितला. दुसरा आला, तोही सांगितला. पहिल्या संदेशात इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते की हा क्रमांक कर्जाच्या करारावर ई-स्वाक्षरी करण्यासाठी आहे. मी आकडे वाचले, वाक्य वाचले नाही. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट असताना आणि फोनवर मुलाच्या शिक्षणाबद्दल बोलणे चालू असताना कोणता बाप इंग्रजी वाक्य लावत बसेल? त्याच सकाळी मुलाने घरच्या ग्रुपवर त्या संस्थेचेच चित्र टाकले होते: ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ ते वाचून मी अंगठाही दाखवला होता.

अशा रीतीने माझ्या नावावर एका वित्त कंपनीचे कर्ज निघाले, पूर्ण रक्कम परस्पर संस्थेच्या खात्यात गेली आणि दर महिन्याला माझ्या खात्यातून हप्ता कापण्याची परवानगीही त्या दुसऱ्या क्रमांकाने दिली गेली. कर्जाचा तपशील सांगणारे पत्रक देणे वित्त कंपनीवर बंधनकारक असते, आणि ते आलेही. पण ज्या ईमेलवर आले तो मी कधी उघडत नाही. मुलांनो, ‘हप्ते’ हा शब्द ऐकला की पैसे नेमके कोण देणार आहे, ते आधी विचारा.

काही आठवडे जुनी ध्वनिचित्रमुद्रणे दाखवून वर्ग बंद पडले. व्हाउचरचा क्रमांक परीक्षा घेणाऱ्या ईसी-कौन्सिलकडे बाद ठरला. मग मी पावती काढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो. पावतीवर चौदाच अक्षरे होती. कारखान्यात असे बिल आले असते तर मी ते दारातूनच परत केले असते. पण मुलाच्या फीची पावती कोणी बिलासारखी तपासत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक कोणालाही फुकट पडताळता येतो. तुम्ही पैसे देण्यापूर्वी पडताळा.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करून सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला आणि ती स्थानिक पोलिसांकडे गेली. तिथून पुढे जे सुरू झाले त्याला काय म्हणावे? पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याने माझ्याकडे न पाहताच विचारले, “ओटीपी तुम्हीच दिला ना? मग हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा.” खोटा जीएसटी क्रमांक छापून १२,९६० रुपये कर म्हणून उकळणे दिवाणी कसे, असे विचारल्यावर ते राज्यकर कार्यालयात सांगा, असे उत्तर मिळाले. बँकेत गेलो तर म्हणाले, व्यवहार तुमच्या संमतीने झाला आहे. हप्ता थांबवायचा तर थांबवा, पण सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडले तर आमच्याकडे येऊ नका. वित्त कंपनीची बाई म्हणाली, संस्थेशी तुमचा वाद तुम्ही मिटवा. ज्या संस्थेचा जीएसटी क्रमांकच खोटा, तिच्या खात्यात तुम्ही ८४,९६० रुपये कोणत्या पडताळणीवर टाकलेत, यावर तिच्याकडे उत्तर नव्हते, फक्त पुढच्या हप्त्याची तारीख होती. आणि महाविद्यालय? “आम्ही केवळ सभागृह दिले होते.” व्यासपीठावर प्राचार्य बसले होते, हार-तुरे झाले होते, महाविद्यालयाच्या ग्रुपवर अर्जाची लिंक प्राध्यापकांनीच टाकली होती, तरीही केवळ सभागृह. प्रत्येक जण दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता कापला जातो.

म्हणून ठाण्यात तोंडी बोलत बसू नका. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. हे मला पोलिसांनी नाही, कारखान्याच्या वकिलांनी सांगितले. वित्त कंपनीला लेखी तक्रार द्या; ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्येच शिकवणी क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढून नोकरीच्या हमीच्या खोट्या जाहिरातींना मनाई केली आहे.

मुलाला या क्षेत्रात जायचे आहे, ते आजही. आता त्याच्या एका सीनियरने सांगितले की सुरुवातीची नोकरी बहुधा सुरक्षा केंद्रात पाळीपाळीने लॉग, म्हणजे संगणकांवरील हालचालींच्या नोंदी, पाहत बसण्याची असते, आणि तिच्यासाठी नेटवर्किंग व लिनक्स ही संगणकप्रणाली पक्की हवी. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर हे विषय फुकट शिकता येतात, शुल्क फक्त परीक्षेचे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची सुरक्षेची पदव्युत्तर पदविका आहे, तिला प्रवेश परीक्षा आहे. जिथे प्रवेश परीक्षा नाही आणि नोकरी मात्र पक्की, तिथे फिरकू नका.

आजपर्यंत माझे ३२,६४० रुपये गेले आहेत आणि ७०,८०० रुपयांचे हप्ते बाकी आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून एक तक्रार करता येते. त्या सभागृहात बसलेल्या ज्या मुलांनी अर्ज भरला, त्यांनी पावती, करार आणि फोनवरचे संदेश आजच छापून ठेवावेत, कारण ग्रुपमधले जुने संदेश प्रशिक्षण संस्थेच्या लोकांनी पुसायला सुरुवात केली आहे.