आठ महिने चेनसॉ, ट्रॅक्टरवरचा स्प्लिटर आणि एक न बसणारे झाकण

पेट्रोल अर्धे शिल्लक असतानाच चेनसॉची चेन एका जाड ओंडक्यात अडकली आणि बारच्या, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या पोलादी पट्टीच्या, टोकाकडून धूर येऊ लागला. यंत्र बंद करून बाहेर काढले तेव्हा बारच्या खालच्या काठावर निळसर-जांभळा पट्टा उमटलेला दिसला. पोलाद असे निळे पडते ते साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर, त्यामुळे चेन तेलाशिवाय किती वेळ पळत होती याचा अंदाज कोणालाही यावा. चेनच्या तेलाची टाकी उघडून पाहिली तर ती कोरडी ठणठणीत होती. त्या टाकीतले सगळे तेल माझ्या विजारीच्या उजव्या पायावर होते.

आठ महिने मी हा चेनसॉ आणि ट्रॅक्टरला जोडायचा हायड्रॉलिक स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायचे यंत्र, सरपणासाठी वापरतो आहे. चेनसॉ ५० सीसीच्या वर्गातला, १८ इंची बारचा आणि ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांच्या मापाच्या) चेनचा आहे, तर ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा आणि जुना आहे. नोंदवहीप्रमाणे आजवर पेट्रोलच्या ११८ टाक्या संपल्या. इतक्या वापरानंतर इंजिनाबद्दल माझी एकही तक्रार नाही: थंड असताना तिसऱ्या ओढीला, तापलेले असताना पहिल्या ओढीला ते सुरू होते. लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे ५०:१, हे मिश्रण मी मोजून करतो आणि महिन्याभरात संपेल एवढेच करतो, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा धरते आणि तसेच पडून राहिले की कार्बोरेटरला त्रास देते. इंजिनाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहायचे आहे ते तेलाच्या टाकीच्या झाकणाबद्दल. हे झाकण कोणतेही अवजार न लागता बसते. त्यावरची घडीची पट्टी उभी करायची, पाव वळसा द्यायचा आणि पट्टी पुन्हा आडवी करायची. कागदावर ही सोय उत्तम आहे. प्रत्यक्षात झाकण बसल्यासारखे दिसते, पट्टी आडवी होते, बोटाने हलवून पाहिले तरी हलत नाही, आणि यंत्र कुशीवर वळवले की कडेने तेल झिरपू लागते. आडवा पडलेला बुंधा कापताना यंत्र दर मिनिटाला कुशीवर वळतेच. पहिल्या चार महिन्यांत तीन वेळा कपडे खराब झाले, एकदा ट्रॅक्टरच्या पायरीवर तेल सांडून मेहुण्यांचा पाय घसरला, आणि आठव्या महिन्यात बार जळाला. एवढे शक्तिमान इंजिन, कंपन गिळणारा दांडा आणि झटक्यात चेन थांबवणारा ब्रेक ज्यांना जमला, त्यांना लोणच्याच्या बरणीला असते तसे आट्यांचे साधे झाकण का जमू नये, हा प्रश्न मी घरात इतक्यांदा विचारला आहे की आता कोणी उत्तर देत नाही.

सेवा केंद्रात मी बराच तावातावाने गेलो. तिथल्या तंत्रज्ञाने माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले, चेनसॉ उलटा केला, टाकीच्या तळाशी उरलेला थेंब बोटावर घेतला आणि विचारले, "साहेब, हे कुठले तेल?" तेल काळेभोर होते आणि ते माझ्याच ट्रॅक्टरच्या इंजिनातून निघालेले होते.

इथे माझ्या काटकसरीची हकिकत सांगणे भाग आहे. ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल बदलले की काही लिटर जळके तेल डब्यात उरते. चेनसॉ मात्र चेनचे तेल घटाघटा पितो: पेट्रोलच्या प्रत्येक टाकीबरोबर पाव लिटरच्या आसपास, आणि ते सगळे भुशात मिसळून वाया जाते. जे तेल शेवटी जमिनीवरच पडायचे आहे ते विकत कशाला आणायचे, असा माझा सरळ हिशेब होता. त्यातली चूक मला त्या दिवशी, फारशी दया न दाखवता, समजावून सांगण्यात आली. चेनच्या तेलात चिकटपणा मुद्दाम वाढवलेला असतो, कारण पूर्ण वेगात चेन सेकंदाला सुमारे २० मीटर पळते आणि बारच्या टोकाला वळताना साधे तेल भिरकावले जाते. जळके तेल त्याहून वाईट, कारण त्यात धातूचे बारीक कण आणि काजळी असते. हे कण चेनला तेल देणारा पंप झिजवतात, तर भुशात मिसळलेली काजळी बारवरच्या तेलाच्या भोकात पुट्टीसारखी बसते. शिवाय हे तेल वर्षानुवर्षे त्वचेवर उडत राहणे कर्करोगाच्या दृष्टीने घातक मानले जाते, आणि मी तर ते विजारीसकट अंगावर मिरवत होतो.

वाद मात्र तिथे संपला नाही. त्यांचे म्हणणे असे की काळ्या तेलाने भोक बुजले आणि म्हणून बार जळला. माझे म्हणणे असे की भोक बुजले असते तर तेल टाकीत शिल्लक राहिले असते. टाकी कोरडी होती, म्हणजे तेल झाकणातूनच गेले. चेनसॉच्या दोन टाक्यांचे आकारमान असे ठरवलेले असते की पेट्रोल संपते तेव्हा तेल थोडे उरावे, आणि ज्याला हे माहीत आहे त्याच्यासाठी ती टाकी हाच पुरावा आहे. तेल फार उरले तर वाट बुजली आहे, पेट्रोलच्या आधी संपले तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपाचा स्क्रू जास्त उघडा आहे. हा युक्तिवाद मी दोन वेळा तोंडी आणि एकदा लेखी मांडला. अखेर झाकण आणि त्याचे रबरी सील त्यांनी मोफत बदलले, पंप साफ करण्याची मजुरी माझ्याकडून घेतली, आणि बार व चेन या झिजणाऱ्या वस्तू असल्यामुळे वॉरंटीत येत नाहीत असे सांगून त्यांचे पैसेही माझ्याकडूनच वसूल केले. निकाल अन्यायाचा आहे असे मला तेव्हा वाटले. आता तो साधारण निम्मा अन्यायाचा वाटतो.

याचे कारण असे की नवे झाकणही तिसऱ्याच दिवशी गळले. या वेळी तेल विकतचे आणि स्वच्छ होते, त्यामुळे रागाने का होईना मी झाकण हातात घेऊन नीट पाहिले. ते दोन भागांचे आहे. पट्टी वरच्या भागाला आहे आणि खाचांत अडकणारा भाग खाली आहे. घाईत काढताना खालचा भाग वरच्याच्या तुलनेत थोडा फिरलेला राहतो, आणि मग पट्टी आडवी होते पण खालचा भाग खाचेत जातच नाही. उपाय दहा सेकंदांचा आहे: झाकण जागेवर ठेवून हलका दाब देत आधी उलट्या दिशेने फिरवायचे, ते खाली बसल्याचे बोटाला जाणवले की मग सुलट पाव वळसा द्यायचा. त्याआधी काठावरचा भुसा फडक्याने पुसायचा, कारण सीलखाली एक कपचा राहिला तरी गळती ठरलेली. हे कळल्यापासून १४ टाक्या झाल्या आणि एकदाही विजार धुवावी लागली नाही. तरीही माझे मत बदलले आहे ते अर्धवटच. जे झाकण चुकीचे बसलेले असतानाही बरोबर बसल्यासारखे दिसते, त्याचा दोष वापरणाऱ्याच्या बोटांवर टाकणे मला मान्य नाही.

तेल चेनपर्यंत पोहोचते की नाही हे पाहण्याची एक रीत मात्र मी त्या तंत्रज्ञाकडून शिकलो, आणि त्याबद्दल त्याचे आभार. बारचे टोक कापलेल्या लाकडाच्या फिकट पृष्ठभागासमोर, त्याला न टेकवता, धरून थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, दाबायचा. काही क्षणांत लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली तर सर्व ठीक आहे. नाही उमटली तर बार काढून भोक आणि खाच साफ करायची. बार दर वेळी उलटवून बसवायचा, म्हणजे दोन्ही काठ सारखे झिजतात. जळालेला बार मी एकदाही उलटवला नव्हता, हे सेवा केंद्रात मी सांगितले नाही.

आता ट्रॅक्टरकडे वळतो, कारण चेनच्या धारेचा खरा शत्रू तेल नसून ट्रॅक्टर निघाला. सुरुवातीला मी पडलेले बुंधे साखळीने बांधून सरळ ओढत आणत असे. ओढताना सालीत माती आणि वाळू घुसते, आणि तसा बुंधा कापायला घेतला की चेनचे दात अर्ध्या टाकीत बोथट होतात. धारदार चेन ढलप्या टाकते आणि बोथट चेन पीठ टाकते. माझ्या बुटांवर महिनोन्‌महिने पीठच पडत होते आणि मी चेनच्या दर्जाला नावे ठेवत होतो. ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशांचा कोन आणि दर दोन टाक्यांनंतर प्रत्येक दाताला दोन-तीन घास, एवढे नियमित केले तरी मातीपुढे त्याचे काही चालत नाही. मग जुन्या पिंपाचा जाड पत्रा कापून, त्याची पुढची कड वर वळवून, बुंध्याच्या पुढच्या टोकाखाली बांधायला लागलो. त्या फुकटच्या पत्र्याने चेनचे आयुष्य जितके वाढवले तितके कोणत्याही महागड्या चेनने वाढवले नसते. माती तरीही लागलीच तर कापायच्या रेषेवरची साल कुऱ्हाडीने काढून टाकतो. ओढण्याची साखळी मात्र ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढपट्टीलाच, मागच्या आसाच्या खालीच बांधावी. ती वर, टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली आणि बुंधा कुठे अडकला, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि तो मागे उलटतो. चालकाला सावरायला वेळ मिळत नाही.

स्प्लिटरबद्दल माझा राग झाकणाइतका मोठा नाही, पण आहे. त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत २० टन लिहिले आहे. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. माझ्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब १७५ बार (इथे बार हे दाबाचे एकक). दोन्हींचा गुणाकार केला की जोर १४ टनांच्या आसपास येतो, आणि २० टन हवे असतील तर सुमारे २५० बार दाब लागेल, जो माझा ट्रॅक्टर देत नाही. विक्रेत्याला हे विचारल्यावर त्याने "तो कमाल आकडा आहे" असे उत्तर दिले. खरेदीपूर्वी हे गणित करायला दोन मिनिटे लागतात आणि मी ती दिली नाहीत. तरी कबूल करायला हवे की सरळ रेषांच्या लाकडाला १४ टन भरपूर होतात. पाचर चार बोटे आत जाते न जाते तोच ओंडका उकलतो. अडते ते दुबेळक्यापाशी आणि जुन्या गाठींपाशी, आणि तिथे मी आता जोर न करता तो ओंडका चेनसॉने उभा चिरतो.

वेग हा वेगळा विषय आहे. ६० सेंटिमीटरचा दट्ट्या पूर्ण बाहेर यायला ४.७ लिटर तेल लागते. ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर जाताना १४ सेकंद आणि परत येताना, दट्ट्याच्या दांड्याने सिलिंडरमधली जागा व्यापल्यामुळे, १० ते ११ सेकंद लागतात. दर घावाला २५ सेकंद उभे राहणे हा सहनशीलतेचा व्यायाम आहे. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा स्वतंत्र मोठा पंप घेतला तर वेळ निम्म्याने वाचेल, पण दाब तोच राहिला तर जोर तेवढाच राहतो, हे विकणारे सांगत नाहीत. मी पैसे न खर्चता एवढेच केले की सगळे ओंडके ४० सेंटिमीटरचे कापू लागलो आणि दट्ट्या पूर्ण मागे न नेता ओंडका मावेल इतकाच मागे घेऊ लागलो. वेळ वाचलाच, ट्रॅक्टरचे डिझेलही त्या मानाने कमी जळू लागले.

स्प्लिटरवर आमच्याकडे एकच नियम आहे: ज्याचा हात ओंडक्यावर, त्याचाच हात दट्ट्या चालवायच्या दांड्यावर. पहिल्या महिन्यात मेहुणे ओंडका ठेवत आणि मी दांडा ओढत असे. एकदा त्यांचा हातमोजा ओंडका आणि पाचरीच्या मध्ये सापडला. सुदैवाने बोटे त्यातून निसटली होती. त्या दिवसापासून ते लाकूड आणून देतात, मी ठेवतो आणि मीच दाबतो.

फोडलेले लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, फक्त वरून झाकलेल्या थप्पीत ठेवतो. ओलावा मोजण्याचे उपकरण मी घेतलेले नाही. पाच ढलप्यांवर खूण करून दर महिन्याला वजन करतो, आणि वजन घटायचे थांबले की लाकूड त्या हवेत वाळेल तितके वाळले असे धरतो. पहिल्या थप्पीतल्या खुणेच्या ढलप्यांचे वजन सहाव्या महिन्यानंतर घटलेले नाही.

पुन्हा घ्यायचे झाले तर स्प्लिटर हाच घेईन, अंगावरचा आकडा न वाचता. चेनसॉच्या बाबतीत दुकानातच झाकण दहा वेळा लावून काढून पाहीन, आणि विक्रेत्याला ते विचित्र वाटले तरी पाहीन. सध्या रोज रात्री चेनसॉखाली पुठ्ठा ठेवतो. आज सकाळी त्यावर बोटाच्या पेराएवढा डाग होता, पण तो बारच्या टोकाखाली होता, तिथे तो पडतोच. झाकणाखालचा पुठ्ठा कोरडा होता.