काटा कशाने फिरवायचा: स्टेपर की मूव्हिंग कॉइल?

पावसाळ्यात सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच आकडा असतो, आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे. तो काट्यावर दाखवणारा डबा मी ईएसपी३२ या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर दोन्ही तऱ्हांनी केला. एक एक्स२७ जातीची स्टेपर, म्हणजे मोजक्या पावलांनी फिरणारी मोटर लावून, जी गाडीच्या मीटरमध्ये असते ती. दुसरा जुन्या पॅनेलमधला १ मिलिअँपिअरचा मूव्हिंग कॉइल मीटर लावून, ज्यात करंटने चुंबकातली कॉइल फिरते आणि काटा हलतो.

कागदावर स्टेपर सरळसरळ वरचढ. तिचा काटा ३१५ अंश फिरतो; ० ते ६० फूट आखले तर एका फुटाला पाच अंशांहून जास्त जागा मिळते. मीटरचा फेर ९० अंशांचा, म्हणजे फुटाला जेमतेम दीड अंश. ४० ची इशारा पातळी आणि ४५ ची धोका पातळी लांबून वाचायची तर स्टेपरच बरी. शिवाय फिरते लोण्यासारखी.

माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवर. या मोटरला आपला काटा कुठे आहे हे ठाऊकच नसतं. चालू झाली की ती काटा मागे नेऊन शून्याच्या अडथळ्यावर टरटर आपटते आणि तिथून पावलं मोजत निघते. मध्ये पावलं चुकली तर फरक तसाच राहतो. आमच्याकडे पाऊस लागला की लाईट नुसती जात नाही, लुकलुकते. पूर्ण गेली तर ठीक, रिसेट होऊन मोजणी नव्याने होते. पण व्होल्टेज जरासंच पडून सावरलं तर चिप जागी राहते आणि मोटर पावलं खाते. पाणी ४२ वर, काटा ४१ वर निवांत, आणि कोडच्या हिशेबी सगळं आलबेल! लाईट गेल्यावरही काटा होता तिथेच; येणारा-जाणारा तासाभरापूर्वीची पातळी आत्ताची म्हणून वाचून जातो. अधूनमधून मुद्दाम शून्यावर नेता येतं म्हणा, पण रात्रीच्या त्या टरटरीला घरचे वैतागले.

कॉइलमध्ये ही भानगडच नाही. करंट जेवढा, काटा तेवढा. करंट गेला की स्प्रिंग त्याला शून्यावर आणते आणि मीटर बंद आहे हे कुणालाही कळतं. जोडणी म्हणजे पिनेच्या पुढे ओळीने २.२ के चा रेझिस्टर आणि २ के चा प्रीसेट (फिरवून जुळवायचा रेझिस्टर), बस. पीडब्ल्यूएम, म्हणजे पिन भराभर चालू-बंद करून सरासरी करंट कमी-जास्त करणं, काही शे हर्ट्झचा ठेवला की काटा थरथरत नाही. कोड हँग झाला तर मात्र इथेही काटा अडकतो, तेव्हा वॉचडॉग (कोड अडकला की चिप रिसेट करणारा टायमर) चालू ठेवा.

भंगारातून मीटर उचलताना डायलच्या कोपऱ्यातली खूण बघा. नालाच्या आकाराचं चुंबक असेल तरच घ्या. मूव्हिंग आयर्नचे, म्हणजे कॉइलऐवजी लोखंडाचा तुकडा हलणारे मीटर दिसायला तसेच, पण त्यांची पट्टी सुरुवातीला दाटलेली असते आणि एवढ्याशा करंटला ते सहसा दाद देत नाहीत. पुढची प्लास्टिकची काच कोरड्या फडक्याने घासू नका. स्थिर विजेने काटा भलतीकडेच ओढला जातो. ओलसर फडकं फिरवलं की सुटतो.

गाडीचा टॅकोमीटर किंवा जवळजवळ पूर्ण गोल डायल हवी असेल तर स्टेपर घ्या, माझी ना नाही. भिंतीवर, घरच्या लाईटवर चालणारं काही करणार असाल तर आधी कॉइल लावून बघा.